वस्तीतील मोकळी जागा

घराची कळा अंगण सांगते, अशी मराठीत एक जुनी म्हण आहे. घर केवढे मोठे, त्याला किती खण, भिंतींना कोणता रंग, हे सारे पाहण्यापूर्वीच पाहुण्याची नजर अंगणावर जाते आणि घरातल्या माणसांची रीत तिथेच ओळखू येते. वस्तीलाही हाच न्याय लागू पडतो. वस्तीचे अंगण म्हणजे तिच्यातील मोकळी जागा: मुलांचे क्रीडांगण, म्हाताऱ्यांचा पार, बायकांनी घटकाभर बसून सुखदुःखाच्या गोष्टी बोलाव्यात असा एखादा सावलीचा कोपरा. घरे बांधणारे पुष्कळ असतात, कारण घराला मालक असतो. अंगण मात्र सर्वांचे असल्यामुळे ते कोणाचेच नाही असे समजले जाते, आणि वस्ती वाढू लागली की पहिला घाला त्याच्यावरच पडतो.

हा प्रश्न नीट समजून घ्यावयाचा असेल तर बंगळुरू शहराच्या पूर्वेकडील मारतहळ्ळीकडे पाहावे. हे नाव ऐकून मराठी माणसाच्या कानाला क्षणभर आपलेपणा वाटतो. हळ्ळी म्हणजे खेडे, आणि त्यामागे मराठा हा शब्द असावा असा भास होतो. शेजारच्या विमान कारखान्यात तयार झालेल्या मारुत विमानावरून हे नाव पडले, अशीही एक कथा लोक सांगतात. नावाचा उगम कोणताही असो, या परिसराच्या भाग्योदयात एका मराठी मुलखातील माणसाचा हात आहे, हे मात्र निश्चित. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने १९४० साली बंगळुरूस हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. तिच्या विमानतळावरून पूर्वेकडे जाणाऱ्या रस्त्यावर मारतहळ्ळी आहे. पुढे १९९८ साली व्हाइटफील्डकडे माहिती तंत्रज्ञानाची मोठी वसाहत उघडली, शहराभोवतीचा बाह्य वळणरस्ता याच गावावरून गेला, आणि दोन मोठ्या रस्त्यांच्या छेदावर सापडलेले हे खेडे पाहता पाहता शहराच्या पोटात गेले.

खेडे म्हणून या मुलखातील गावांची जी मूळ मांडणी होती, ती ध्यानात घेतल्यावाचून आजची अडचण कळणार नाही. बंगळुरूच्या पठारावर मोठी नदी नाही. म्हणून पूर्वजांनी उताराच्या जमिनीला बांध घालून तळी केली. कन्नडमध्ये त्यांना ‘केरे’ म्हणतात. एका तळ्याचे पाणी भरून वाहू लागले की ते ‘राजकालुवे’ नावाच्या मोठ्या ओढ्याने खालच्या तळ्यात जाई. तळ्याजवळ आंबा, जांभूळ, चिंच अशा झाडांची राई असे. तिला ‘गुंडुतोपु’ म्हणत. गुरांच्या चराईसाठी ‘गोमाळ’, म्हणजे आपल्याकडचे गायरान. आणि गावात पिंपळाभोवती बांधलेला दगडी ओटा, त्यावर नागाच्या शिळा मांडलेल्या, हा ‘अश्वत्थकट्टे’. महाराष्ट्रातील गावचा पार तो हाच. उद्यान हा शब्दही ज्या शेतकऱ्याने कधी उच्चारला नसेल, त्याच्या गावाला पाणी, सावली, मैदान आणि बैठक अशा चारही गोष्टी लाभलेल्या होत्या. त्यांची आखणी कोणा नगररचनाकाराने केली नव्हती. गावच्या गरजेतून आणि वहिवाटीतून त्या आपोआप जपल्या गेल्या होत्या.

गरज संपली तशी वहिवाटही सुटली. घराघरांत नळ व कूपनलिका आल्यावर तळ्याला कोणी विचारीना. गुरे गेली तेव्हा गायरान रिकामे दिसू लागले, आणि रिकाम्या जागेला गिऱ्हाईक फार. शेतजमिनीचे तुकडे पाडून विकले गेले. मंजूर आराखड्याप्रमाणे वसाहत पाडली तर त्यात बागेसाठी, शाळेसाठी भाग राखावा लागतो. परंतु शेताचे सरळ भूखंड करून विकणाऱ्याला ते बंधन नको असते. वीस फुटांचा रस्ता आणि दोन्ही बाजूंना भूखंड, एवढाच त्याचा आराखडा. अशा भूखंडांवर चार-चार, पाच-पाच मजल्यांची घरे उभी राहिली, खोल्या भाड्याने गेल्या, आणि जिथे शंभर माणसे राहत होती तिथे हजारो राहू लागली. मारतहळ्ळी व तिच्याभोवतीची अनेक उपनगरे अशीच वाढली. घरांच्या दाटीत शिल्लक राहिली ती देवळापुढची जागा, शाळेचे पटांगण, पिंपळाचा एखादा कट्टा, आणि मुन्नेकोळाल, कुंदलहळ्ळी, दोड्डनेकुंदी अशा जवळपासच्या तळ्यांचे काठ.

बंगळुरूला उद्याननगरी म्हणतात, मग तिथे बागांची उणीव कशी, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. लालबाग हैदरअलीच्या काळात सुरू झाली. कब्बन पार्क १८७० च्या सुमारास रिचर्ड सॅन्की या अभियंत्याने आखला. विसाव्या शतकाच्या आरंभी क्रुम्बिगेल या जर्मन उद्यानतज्ज्ञाने रस्त्यांच्या कडेला अशी झाडे लावविली की एका जातीचा बहर ओसरताच दुसरीचा सुरू व्हावा. १८९८ च्या प्लेगनंतर बसवनगुडी, मल्लेश्वरम् यांसारख्या ज्या नव्या पेठा वसल्या, त्यांत सरळ रुंद रस्ते व मोकळ्या जागा पहिल्यापासून होत्या. दाटी हीच रोगाची माता होय, हा धडा त्या पिढीने फार मोठी किंमत देऊन घेतला होता. हे वैभव खरे आहे. परंतु ते शहराच्या जुन्या भागात आहे. लालबागेचे क्षेत्र दोनशे चाळीस एकर आहे, म्हणून मारतहळ्ळीतील चार वर्षांच्या मुलाला संध्याकाळी खेळायला जागा मिळते असे नाही. मोठे उद्यान शहराची शोभा वाढविते. रोजच्या उपयोगाची असते ती घराजवळची लहान जागा.

लहान जागा म्हणजे किती लहान, आणि किती माणसांमागे किती, याचे काही ठोकताळे नगररचनाशास्त्राने बांधले आहेत. केंद्र सरकारच्या नगररचनाविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार शहरात दरडोई दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा असावी. पाच हजार वस्तीमागे अर्ध्या हेक्टरचे, म्हणजे सुमारे सव्वा एकराचे एक घरालगतचे उद्यान असावे; त्याहून मोठ्या वस्तीला त्याहून मोठे, अशी चढती श्रेणी आहे. अगदी खालच्या पायरीवर, अडीचशे माणसांमागे सव्वाशे चौरस मीटरची बालकांची जागा धरतात. या आकड्यांचा अर्थ साधा हिशेब केला म्हणजे कळतो. पाच हजारांच्या वस्तीला माणशी दहा चौरस मीटर जागा द्यावयाची तर पाच हेक्टर, म्हणजे बारा एकरांहून अधिक जमीन लागेल. नव्या वसाहतीत ती आधी राखून ठेवता येते. मारतहळ्ळीसारख्या भरून गेलेल्या वस्तीत ती आणणार कोठून? तथापि सव्वाशे चौरस मीटर म्हणजे दोन-तीन लहान भूखंडांएवढी जागा. ती शोधली तर सापडू शकते. म्हणून जुन्या दाट वस्तीत आखणीचा आरंभ वरच्या पायरीवरून न करता खालच्या पायरीवरून करणे शहाणपणाचे ठरते.

क्षेत्रफळाइतकेच महत्त्व अंतराला आहे. निरोगी माणूस पाच मिनिटांत सुमारे चारशे मीटर चालतो, म्हणून घरापासून चारशे मीटरांच्या आत बाग असावी असे सामान्यतः मानतात. नकाशावर परकाराने वर्तुळ काढले की ही अट पुरी झालेली दिसते. परंतु गुडघे दुखणारी आजी त्या वेळात निम्मेही अंतर चालत नाही, आणि वाटेत बाह्य वळणरस्त्यासारखा वाहनांचा लोंढा आडवा आला तर ते चारशे मीटर तिच्या दृष्टीने चार कोस होतात. लहान मुलाला एकट्याने ओलांडता येणार नाही असा रस्ता मध्ये असेल, तर पलीकडची बाग अलीकडच्या मुलांची नव्हे, असे समजूनच आखणी केली पाहिजे. अंतर पायांनी मोजावे. परकाराने मोजू नये.

वस्ती पायांखाली घालून पाहण्याची ही पद्धत हिंदुस्थानात शिकविली ती पॅट्रिक गेडीस यांनी. हे स्कॉटिश शास्त्रज्ञ १९१४ साली येथे आले, त्यांनी अनेक शहरांचे अहवाल लिहिले आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे अध्यापन केले. वैद्य जसा आधी निदान करतो व मग औषध देतो, तसे नगररचनाकाराने आधी गल्लीगल्लीतून हिंडून पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. सरळ रस्ते काढण्यासाठी सरसकट घरे पाडण्यास त्यांचा विरोध असे. त्याऐवजी एखादे पडके घर, एखादा दुर्लक्षित कोपरा, विहिरीभोवतीची रिकामी जागा हेरून ती स्वच्छ करावी, झाड लावावे, ओटा बांधावा, म्हणजे थोड्या खर्चात पेठेला श्वास घेता येतो, असे ते दाखवून देत. हिवतापाच्या भयाने तळी बुजविण्याची त्या वेळी लाट आली होती. तळे बुजवू नका, त्यात मासे व बदके सोडा, म्हणजे डासांचा बंदोबस्त होईल, असा त्यांचा सल्ला होता. शंभर वर्षे उलटली तरी हा सल्ला शिळा झालेला नाही.

पाहणी करताना जागेबरोबर माणसेही मोजावी लागतात. मोजणे म्हणजे निव्वळ संख्या नव्हे. कोणत्या वयाचे किती, आणि कोणत्या वेळी कोण मोकळा असतो, हे पाहावे लागते. मारतहळ्ळीत तरुण नोकरदारांच्या पाळ्या रात्री-अपरात्री सुटतात. त्यांच्या घरी नातवंडे सांभाळण्यासाठी गावाकडून आलेले आईवडील असतात. घरकाम करणाऱ्या बाया दोन घरांच्या मध्ये तासभर मोकळ्या असतात. बांधकामावरच्या मजुरांची मुले दिवसभर वाळूच्या ढिगाऱ्यावर खेळतात. घरोघर सामान पोहोचविणारे तरुण भर दुपारी दुचाकीवर बसून जेवतात. या प्रत्येकाची विश्रांतीची घटका वेगळी आहे. जेन जेकब्ज या अमेरिकन लेखिकेने १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हेच दाखविले होते, की ज्या बागेत दिवसाच्या निरनिराळ्या वेळी निरनिराळी माणसे येतात ती बाग सुरक्षित व नांदती राहते, आणि जिथे एकाच प्रकारची माणसे एकाच वेळी येतात ती उरलेल्या वेळी ओस पडते व ओसाडपणाबरोबर भयही आणते. बंगळुरूमधील सार्वजनिक बागा दुपारी बंद ठेवण्याची वहिवाट बरीच वर्षे होती. २०२४ साली महापालिकेने त्या पहाटे पाच ते रात्री दहापर्यंत उघड्या ठेवण्याचा निर्णय घेतला. नवी एक वीतही जमीन न घेता, निव्वळ कुलूप काढल्याने शहराची मोकळी जागा किती वाढते, याचे हे उदाहरण आहे.

आता प्रत्येक वयाची गरज थोडक्यात पाहावी. अगदी लहान मुलांना मोठी जागा नको असते. आईच्या हाकेच्या अंतरावर, रस्त्यापासून आड, वाळू आणि सावली असलेला कोपरा त्यांना पुरे. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲम्स्टरडॅम शहरात आल्डो व्हॅन आयक या वास्तुशिल्पज्ञाने १९४७ पासून तीस वर्षांत अशी सातशेहून अधिक बालक्रीडांगणे उभारली. घर पडून रिकामा झालेला भूखंड, रस्त्याचा रुंद झालेला कोपरा, काहीही त्याला चाले. वाळूचा हौद, चढायला लोखंडी कमानी, उड्या मारायला गोल दगडी ठोकळे आणि आयांना बसायला बाक, एवढेच साहित्य. कमानीचा मुलांनी घोडा करावा की किल्ला, हे तो मुलांवर सोपवी. रंगीबेरंगी महागड्या उपकरणांनी बाग भरून टाकण्याची हौस ज्यांना आहे, त्यांनी या साधेपणाचा विचार करण्यासारखा आहे.

दहा ते सोळा वर्षांच्या मुलांची गोष्ट निराळी. त्यांना धावायला हवे. बाग आणि मैदान या दोन वस्तू वेगळ्या आहेत, हे न ओळखल्यामुळे जवळजवळ प्रत्येक वस्तीत एक भांडण पिकते: फिरायला येणाऱ्या वडीलधाऱ्यांना चेंडू लागतो, मग ‘येथे खेळण्यास मनाई आहे’ अशी पाटी लागते, आणि मुले रस्त्यावर जातात. चूक मुलांची नसते, आखणाऱ्याची असते. खो-खो, लंगडी, हुतूतू यांसारख्या देशी खेळांना थोडी जागा आणि मऊ माती पुरते. क्रिकेटला मात्र मोठे मैदान लागते. ते लहान वस्तीने एकटीने मिळविण्यापेक्षा सरकारी शाळेचे पटांगण शाळा सुटल्यावर वस्तीसाठी उघडण्याची व्यवस्था करणे सोपे. मैदान सर्वांसाठी म्हटले की ते मोठ्या मुलांच्या ताब्यात जाते आणि मुली हळूहळू दिसेनाशा होतात, हाही सार्वत्रिक अनुभव आहे. मुलींच्या खेळासाठी ठरावीक वेळ, जवळ स्वच्छतागृह आणि वाटेवर दिवा, या तीन गोष्टी नसतील तर निम्मी वस्ती मैदानाबाहेर राहिली असे समजावे.

वृद्धांसाठी लागते ती बैठक. याचा उत्तम नमुना मुंबईत दादरला आहे. १९२५ साली माहीम पार्क या नावाने लोकांसाठी खुल्या झालेल्या व १९२७ साली शिवाजी पार्क हे नाव मिळालेल्या त्या अठ्ठावीस एकरांच्या मैदानाभोवती एक बुटका दगडी कट्टा आहे. त्याची लांबी किलोमीटरभराहून अधिक भरते. आत मुले क्रिकेट खेळतात, मल्लखांब करतात. कट्ट्यावर वृद्ध बसतात, तरुण गप्पा मारतात. कट्ट्यालगत माणसे फेरफटका करतात. कोणी कोणाच्या आड येत नाही. मैदानाची सीमा म्हणून जे बांधले तेच बसण्याचे आसन झाले. लोखंडी गजांचे उंच कुंपण घातले असते तर सीमा राहिली असती, पण माणसे टेकली नसती. मारतहळ्ळीतील पिंपळाच्या कट्ट्याचे तत्त्वही हेच आहे. नातवासाठी सोलापूर-सांगलीहून आलेल्या आजोबांना कन्नड येत नाही, शेजारच्या तेलुगू आजोबांना मराठी येत नाही. तरी एका बाकावर रोज संध्याकाळी बसून त्यांची मैत्री जमते. चार भाषांच्या वस्तीला एक वस्ती करण्याचे काम असे बाकच करतात.

बाग म्हटली की हिरवळ, कारंजे आणि कातरलेली झुडपे असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. ते चित्र पाण्याच्या सुकाळातले आहे. बंगळुरूचे पिण्याचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरांवरील कावेरीतून, सुमारे पाचशे मीटर उंच चढवून आणावे लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात टंचाई एवढी वाढली की पिण्याचे पाणी बागेला घालण्यास मनाई करून दंड बसवावा लागला. अशा शहरात रोज पाणी मागणारी हिरवळ ही चैन होय. करंज, कडुनिंब, जांभूळ, चिंच, पिंपळ ही झाडे दोन-तीन उन्हाळे जगविली की पुढे आपली काळजी आपण घेतात. त्यांची सावली दाट, मुळे खोल, आणि पाखरांनाही त्यांचा आधार. पायवाट मातीची वा मुरमाची असावी, म्हणजे पावसाचे पाणी जमिनीत मुरते. फरशी किंवा डांबर घातले की ते पाणी गटारात जाते. जमिनीचा सर्वांत सखल भाग पाणी साठण्यासाठी मोकळा सोडला तर बाग स्वतःची विहीर स्वतः भरते.

याच ओघात तळ्यांचा विचार येतो, कारण मारतहळ्ळीच्या आसपास सर्वांत मोठी मोकळी जागा उरली आहे ती तळ्यांचीच. सर्जापूर रस्त्यावरील कैकोंड्रहळ्ळी तळ्याची कथा या दृष्टीने बोधप्रद आहे. सुमारे अठ्ठेचाळीस एकरांचे हे तळे सांडपाण्याने व कचऱ्याने मरणपंथाला लागले होते. २००८ नंतर आसपासचे रहिवासी, अभ्यासक आणि महापालिकेचे अधिकारी एकत्र बसले. सांडपाणी वळविले, गाळ काढला, पाखरांसाठी बेटे राखली, काठाने पायवाट केली, आणि शेजारच्या सरकारी शाळेतील मुलांचाही विचार आराखड्यात झाला. गुरांसाठी चारा कापून नेणाऱ्यांचा व मासे धरणाऱ्यांचा तळ्याशी जुना संबंध होता. सुशोभनाच्या भरात अशा माणसांना बाहेर काढणे सोपे असते. त्यांना सामावून घेतले तर तळ्याला फुकटचे राखणदार मिळतात.

उलट बाजूही डोळ्यांआड करता येत नाही. मारतहळ्ळीच्या दक्षिणेला असलेले बेळ्ळंदूर तळे हे शहरातील सर्वांत मोठे. शहराच्या मोठ्या भागाचे सांडपाणी त्यात उतरते. २०१५ साली, पुन्हा २०१७ व २०१८ साली या तळ्यावर आग भडकलेली लोकांनी पाहिली. पाण्यावरचा फेस वाऱ्याने उडून रस्त्यावर येई. अशा तळ्याच्या काठी बाक मांडून व दिवे लावून उद्यान होत नाही. वरच्या तळ्यातील घाण थांबल्यावाचून खालचे तळे सुधारणार नाही. म्हणून लहान वस्तीनेही आपल्या दाराशी असलेला ओढा कोठून येतो आणि कोठे जातो, हे आधी शोधले पाहिजे. विरंगुळ्याच्या नावाखालीही तळी नाहीशी झाली आहेत. बंगळुरूचे संपंगी तळे आज कंठीरव क्रीडागाराखाली आहे. विमानतळाच्या रस्त्याजवळील चल्लघट्टा तळ्याच्या जागी गोल्फचे मैदान झाले. दोन्ही ठिकाणी खेळच आहेत, परंतु पाणी गेले, आणि दुसऱ्या ठिकाणी तर खेळही मोजक्यांचाच राहिला. क्रीडांगण मिळवायचे म्हणून तळे बुजविणे, म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेणे होय.

मोकळी जागा राखण्याच्या कामी कायद्याचे बळ किती आहे, हेही नागरिकांना ठाऊक असावे. बंगळुरू विकास प्राधिकरणाच्या १९७६ च्या कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांनी असे ठरविले, की प्राधिकरणाच्या वसाहतीत किमान शेकडा पंधरा भाग बागा व क्रीडांगणे यांसाठी आणि आणखी किमान शेकडा दहा भाग नागरी सोयींसाठी राखावा. राखीव जागा दुसऱ्या कामासाठी विकली वा दिली तर तो व्यवहार रद्दबातल समजावा. उद्याने, क्रीडांगणे व मोकळ्या जागा यांच्या रक्षणासाठी कर्नाटकाने १९८५ साली स्वतंत्र कायदाही केला. परंतु कायद्याला खरा अर्थ आला तो एका लहान वस्तीच्या चिकाटीमुळे. राजमहाल विलास वसाहतीत उद्यानासाठी राखलेली जागा एका खासगी विश्वस्त मंडळाला रुग्णालयासाठी देण्यात आली होती. रुग्णालय हेही लोकोपयोगीच, मग हरकत कसली, असा युक्तिवाद झाला. रहिवासी न्यायालयात गेले. पहिल्या पायरीवर हरले, वरच्या पायरीवर जिंकले, आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. उद्यानाची जागा ही वस्तीच्या आरोग्यासाठी राखलेली असते, ती फिरविण्याचा अधिकार कोणाच्या मर्जीवर अवलंबून नाही, आणि तिच्या रक्षणासाठी रहिवाशांना न्यायालयात दाद मागता येते, हे त्या निकालाने पक्के झाले. बंगळुरूतील एका वसाहतीने लढविलेला हा खटला आज देशभर आधार म्हणून दाखविला जातो.

कायदा जागा राखतो. तिच्यात जीव ओतणे त्याच्या हाती नाही. बाग उद्घाटनाच्या दिवशी सुंदर दिसते. तिची परीक्षा तिसऱ्या वर्षी होते. झोपाळ्याची कडी तुटली, दिवा गेला, नळ गळू लागला, तर दुरुस्ती कोणी करायची, हे आरंभीच ठरलेले नसेल तर बाग हळूहळू कचऱ्याची होते. म्हणून आखणी करताना बांधकामाच्या खर्चाबरोबर दरसालचा निगेचा खर्च मांडावा आणि तो झेपेल एवढेच बांधावे. एक चांगला माळी दहा शोभिवंत कारंज्यांहून अधिक मोलाचा असतो. माळ्याला वेळेवर पगार, हत्यारे ठेवायला खोली आणि पाण्याची सोय मिळाली पाहिजे. शहराचा कारभार मधून मधून बदलत असतो. मारतहळ्ळीसारखी गावे २००७ साली बृहत् महापालिकेत आली, आणि २०२५ साली त्या महापालिकेच्या जागी पाच महापालिका झाल्या. कारभारी बदलले तरी बागेची नोंद, तिचा नकाशा, तिच्या सीमेचे दगड आणि तिच्यावर लक्ष ठेवणारी रहिवाशांची मंडळी कायम राहिली पाहिजेत.

मग लहान वस्तीने प्रत्यक्षात करावे काय? आधी वस्तीचा मोठ्या प्रमाणावरचा नकाशा मिळवावा आणि त्यावर प्रत्येक सार्वजनिक तुकडा रंगवावा: देऊळ, शाळा, तळे, ओढ्याचा काठ, उंच विजेच्या तारांखालची पट्टी, बंद पडलेल्या विहिरीचा परिसर. महसूल दप्तरातून प्रत्येकाचा मालक शोधावा. पुष्कळदा खासगी समजली जाणारी जागा गायरानाची निघते, आणि नेमकी उलट गोष्टही घडते. मग आठवडाभर, सकाळी, दुपारी व रात्री, कोण कोठे बसतो, मुले कोठे खेळतात, हे टिपावे. माणसे जिथे आपखुशीने जमतात तिथेच पुढची बाग यशस्वी होते. त्यानंतर एकच जागा निवडावी, लहानात लहान, आणि ती वर्षभर नीट चालवून दाखवावी. वस्तीला तिचा उपयोग कळला की दुसरी जागा मिळविण्यासाठी बळ मिळते. या सगळ्या विचारविनिमयात बायकांना, मुलांना आणि भाडेकरूंना बोलाविले पाहिजे. घरमालकांच्या सभेत वाहनतळाला नेहमीच बागेपेक्षा अधिक मते पडतात.

या प्रश्नात घाई कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. रस्ता पुढे रुंद करता येतो, नळ मागाहून आणता येतो, शाळेवर मजला चढविता येतो. परंतु मोकळ्या जागेवर एकदा इमारत उभी राहिली की ती जागा परत मिळाल्याची उदाहरणे फारच थोडी आहेत. मारतहळ्ळीत आज जो पिंपळाचा कट्टा, जे शाळेचे पटांगण आणि जो तळ्याचा काठ उरला आहे, तेवढीच तिची शिल्लक. ती खर्ची पडली तर तेथे वाढणाऱ्या मुलांना झाडावर चढणे, मातीत पडणे आणि पुन्हा उठणे हे चित्रातच पाहावे लागेल. गावाने शेकडो वर्षे जो पार राखला तो शहराने राखावा, एवढीच ही मागणी आहे. आणि ती मारतहळ्ळीपुरती नाही. पुण्याच्या कडेला, नाशिकच्या वेशीवर, बेळगावच्या रस्त्यालगत जी जी खेडी आज शहरे होऊ पाहत आहेत, त्यांतल्या प्रत्येकीला ती लागू आहे. त्यांचे अंगण अजून पुरते बांधले गेलेले नाही.